हेड टॉर्चच्या सेलसाठी घरगुती लिथियम चार्जर: मानवत तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातल्या मानवत तालुक्यातलं हे कुटुंब. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. शेतात कापूस आणि तूर, विहिरीच्या भरवशावर रब्बीला हरभरा, थोडा गहू. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की दोघातिघांना अंधारात दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी वळवायला, जावं लागतं. काळ्या रानात भेगा, बांधाला गवत, त्यात विंचूकाट्याची भीती. हात फावड्यात गुंतलेले असतात, म्हणून डोक्याला बांधायचा टॉर्च. आठवडी बाजारातून असे तीन घेतले होते.

गावात टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. गोंधळ नको म्हणून इथे टॉर्चला टॉर्च आणि त्याच्या मागच्या डबीत बसणाऱ्या नळकांड्याला सेल म्हटलं आहे. हा सेल १८६५० आकाराचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब.

घरात दोन माणसं या कामाशी जोडलेली. कुटुंबप्रमुख, ज्यांना सगळे आबा म्हणतात, आणि त्यांचा पुतण्या, आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला असलेला. गावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराने पुढे बरीच मदत केली.

अडचण

टॉर्चबरोबर आलेले पिनचे चार्जर थेट २३० व्होल्टवर चालणारे. आत ट्रान्सफॉर्मर नाही, फक्त एक कपॅसिटर आणि डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. अशा चार्जरच्या बाहेर येणाऱ्या पिनेलाही मेनचा करंट असू शकतो. घरात एकाला झटका बसला, तेव्हा ते चार्जर फेकून दिले. इथपर्यंत बरोबरच झालं.

त्याजागी कुणीतरी सोपी जोडणी सुचवली. मोबाइलचा ५ व्होल्टचा अॅडॉप्टर घ्यायचा, प्लसच्या वायरीत एक १एन४००७ डायोड टाकायचा आणि सेलला लावून द्यायचं. हिशेब असा की डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात, सेलला ४.३ मिळतात, वायरीत थोडं आणखी पडेल, म्हणजे झाले ४.२. कागदावर हे पटतं. पण डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात ते चांगला करंट वाहत असताना. सेल भरत आला की करंट कमी होतो आणि करंट कमी झाला की डायोडवरचा व्होल्टेजही घसरतो, ०.६ वर, त्याहून खाली. म्हणजे सेलला ज्या वेळी सगळ्यात काटेकोर रोखायचं, नेमकं त्याच वेळी ही जोडणी ढिली पडते. सुरुवातीलाही तीच गत. रिकाम्या ३ व्होल्टच्या सेलला करंट किती द्यायचा याला काही धरबंध नाही. अॅडॉप्टर देईल तेवढा जातो आणि १ अँपियरचा डायोड चटका बसेल इतका तापतो.

लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट, आणि त्यात ०.०५ पेक्षा जास्त चूक चालत नाही. त्याच्या वर दाबत राहिलं तर आतल्या ऋण पट्टीवर धातूचं लिथियम साचतं, धन पट्टीचं रसायन अस्थिर होतं, उष्णता आणि वायू तयार होतात. शिशाच्या बॅटरीला थोडं जास्त चार्जिंग झालं तर पाणी उडतं, वरून पाणी टाकून भागतं. इथे तसं भागत नाही. गावात बहुतेकांचा हात शिशाच्या बॅटरीवर बसलेला असतो आणि गफलत तिथेच होते.

डिसेंबरातल्या एका पहाटे घरात गोडसर, थिनरसारखा वास आला. रात्रभर लावलेल्या सेलच्या टोपीशी चिकट ओल होती. "आबा, सेल तापायलाय," एवढंच पुतण्या बोलला आणि त्याने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग सांडशीत धरून सेल अंगणात नेला, वाळूच्या बादलीत ठेवला आणि दार-खिडक्या उघडल्या. चारही गोष्टी योग्य क्रमाने झाल्या. त्याच रात्री लावलेला दुसरा सेल व्होल्ट मोजायच्या मीटरवर ४.४७ व्होल्ट दाखवत होता.

तो चार्जर ज्या खिळ्याला टांगला होता, त्याच्या खाली पुढच्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत कापूस रचून ठेवला होता. वर्षाचं पीक, आणि त्याच घरात झोपलेली माणसं. हे प्रकरण लिहिण्याचं खरं कारण ते आहे. कापूस घरात साठवायची आपल्याकडची रीत आणि रात्रभर चार्जिंगला लावायची सवय, दोन्ही एका खोलीत आल्या की एक ठिणगीही पुरते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय जुनीच जोडणी, पण घड्याळ लावून तीन तासांनी काढायची. तो लगेच सोडला. सेल अर्धा भरलेला असेल तर तीन तास जास्त होतात, रिकामा असेल तर कमी, आणि रात्री दारं धरून आलेला माणूस गजराने उठेलच असं नाही.

दुसरा पर्याय पुतण्याने आयटीआयच्या वहीतून काढला: एलएम३१७ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी (चिप) वापरून ४.२ व्होल्टचा पुरवठा. सूत्राप्रमाणे २४० आणि ५७० ओहमचे रेझिस्टर लावले की साधारण ४.२ येतात. पण या आयसीचा आतला १.२५ व्होल्टचा आधार प्रत्यक्षात १.२० ते १.३० मध्ये कुठेही असू शकतो. मग बाहेर ४.०५ येतील की ४.३८, हे आयसी लावल्यावरच कळतं. प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर, लावून जुळवता येतं, पण प्रीसेट धुळीने, धक्क्याने सरकतो. शिवाय त्याला वर दोन-अडीच व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे ५ व्होल्टचा अॅडॉप्टर चालत नाही. वीज गेली की सेलमधून उलटा करंट निघतो आणि सेल भरल्यावर हा पुरवठा स्वतःहून बंदही होत नाही. शिकायला उत्तम सर्किट, रोज वापरायला नाही.

तिसरा पर्याय चांगल्या कंपनीचा चार खाचांचा तयार चार्जर. ज्याच्या हाताला सोल्डरिंगची सवय नाही त्याने खुशाल हाच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. इथे अडचण अशी की जवळच्या बाजारात जे मिळत होते त्यांच्यावर करंट-व्होल्टेज काहीच छापलेलं नव्हतं.

निवड झाली टीपी४०५६ या चार्जिंगच्या आयसीच्या तयार मॉड्यूलची, म्हणजे छोट्या बोर्डाची. पोस्टाच्या तिकिटाहून थोडं मोठं, ४० रुपयांचं. हा आयसी आधी ठरलेला करंट देतो, ४.२ व्होल्ट आले की व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट ठरलेल्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला की चार्जिंग तोडतो. सेल २.९ व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर सुरुवातीला दहावा हिस्साच करंट देऊन त्याला हळू उठवतो. वीज गेली तर सेलमधून जवळजवळ काही ओढत नाही. दोन प्रकारची मॉड्यूल मिळतात. ज्याच्यावर डीडब्ल्यू०१ आणि ८२०५ हे आणखी दोन आयसी असतात, म्हणजे सेल जोडायच्या बी प्लस-बी मायनस टोकांच्या जोडीला टॉर्च वगैरे जोडायची आऊट प्लस-आऊट मायनसही असतात, ते घ्यावं. मुख्य आयसी चुकला तरी ४.३ व्होल्टच्या आसपास ही दुसरी भिंत आडवी येते.

सेलची निवड

टॉर्चमधल्या मूळ सेलवर ९९०० एमएएच (मिलिअँपियर-तास, सेलची क्षमता) छापलेलं होतं. १८६५० आकारात एवढी क्षमता कुणीही बनवत नाही. चांगल्यात चांगला सेल साडेतीन-चार हजाराच्या आसपास असतो. तिन्ही मूळ सेल बाद केले. दुकानदाराकडे लॅपटॉपचा जुना पॅक होता, सहा सेलचा, १५० रुपयांना मिळाला.

पॅक उघडताना लोखंडी पेचकस आत घुसवायचा नाही. प्लॅस्टिकची कड दाबून फोडायची आणि निकेलच्या पट्ट्या एकेक करून कापायच्या, कापली की लगेच टोक टेपने झाकायचं. आत दोन-दोन सेलच्या तीन जोड्या होत्या. मीटरवर पहिली जोडी ३.७१, दुसरी ३.६९, तिसरी १.४. समांतर जोडलेले असल्याने जोडीतल्या दोन्ही सेलचा आकडा एकच येतो. १.४ ची जोडी तिथेच बाद. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळलेलं असू शकतं आणि पुन्हा चार्ज केल्यावर ते आतल्या आत शॉर्ट करतं. असा सेल "उठतो" आणि महिनाभर चालतोही, म्हणूनच तो जास्त फसवतो.

उरलेले चार पूर्ण भरून सात दिवस मातीच्या कुंडीत ठेवले. तिघांचा आकडा ४.१९ वरून ४.१५ वर आला, चौथ्याचा ३.९८ वर. चौथाही बाजूला. या सात दिवसांना पर्याय नाही. आबांना घाई होती, पाळी सुरू होती. तरी थांबले, हे त्यांचं शहाणपण.

बांधणी

मॉड्यूल जसं येतं तसं १ अँपियर करंट देतं. तीन मॉड्यूलचे ३ अँपियर झाले आणि घरचा अॅडॉप्टर ५ व्होल्ट २ अँपियरचा. त्यात सेल जुने, त्यांना अर्धा अँपियरच सोसतो. करंट ठरवणारा रेझिस्टर नेहमीच्या मॉड्यूलवर आर३ म्हणून असतो, त्याच्यावर १२२ छापलेलं, म्हणजे १.२ किलोओहम. तो काढून २ किलोओहमचा, २०२ छापलेला लावला की करंट साधारण ५८० मिलिअँपियर होतो. तीन मिळून १.७४ अँपियर, अॅडॉप्टरच्या आत. एवढा बारीक रेझिस्टर लावायला हात बसत नसेल तर पाव वॅटचे साधे १ किलोओहमचे दोन एकामागे एक जोडून त्याच्या जागी लावले तरी चालतात.

करंट कमी करण्याचा दुसरा फायदा उष्णतेचा. हा आयसी जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवतो. सेल ३.३ व्होल्टवर असताना १ अँपियरला १.७ वॅट तापतात, ५८० मिलिअँपियरला १ वॅट. मॉड्यूलला बोट लावलं की फरक कळतो.

फळीऐवजी शहाबादी फरशीचा हातभर तुकडा घेतला. त्यावर तीन सेल होल्डर चिकटवले आणि प्रत्येकाच्या मागे चार बोटं अंतर ठेवून मॉड्यूल, छोट्या नटांवर उचलून, म्हणजे खालून हवा खेळेल. आयसीची उष्णता सेलला लागू द्यायची नाही. अॅडॉप्टरच्या केबलचं दुसरं टोक कापून ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीने तिन्ही मॉड्यूलच्या इन प्लस-इन मायनसला समांतर जोडलं. होल्डरची लाल वायर बी प्लसला, काळी बी मायनसला. तिन्ही सेलला स्वतंत्र मॉड्यूल. तिघे समांतर जोडून एकावर लावायचं नाही, कारण वेगवेगळ्या व्होल्टेजचे सेल एकमेकांत करंट ओततात.

सेल घालायच्या आधी होल्डरच्या कोणत्या टोकाला प्लस आहे ते मीटरने पाहून तिथे लाल रंग लावला. सेल उलटा बसला तर मॉड्यूल क्षणात जातं. सेलशिवाय वीज दिली तर निळा दिवा स्थिर आणि लाल दिवा लुकलुकतो. तो बिघाड नाही. सेल घातल्यावर फक्त लाल, भरल्यावर फक्त निळा.

मग मोजणी. मीटर १० अँपियरच्या खाचेत लावून वायरीत मधे जोडला, ०.५७ आले. त्यानंतर लाल वायर पुन्हा व्होल्टच्या खाचेत आणायला विसरायचं नाही. अँपियरच्या खाचेत वायर ठेवून सेलचे व्होल्ट मोजायला गेलं की सेल सरळ शॉर्ट होतो. शेवटी निळा दिवा लागल्यावर सेलच्या टोकांवर व्होल्टेज पाहिलं. चार मॉड्यूल आणली होती, एक जास्तीचं. तिघांनी ४.१९, ४.२० आणि ४.१८ दिलं, चौथ्याने ४.२६. आयसी बनवणारे दीड टक्का इकडेतिकडे धरतात, त्या हिशेबाने ४.२६ ही त्यांच्या लेखी ठीकच, पण सेलच्या लेखी जास्त. ते बाजूला ठेवलं. मॉड्यूल आणलं, लावलं आणि शेवटचा आकडा पाहिलाच नाही, असं बहुतेक ठिकाणी होतं.

खर्च: मॉड्यूल १६०, होल्डर ७५, वायर आणि सोल्डर ४०, सेल १५०, एकूण ४२५ रुपये. मीटर ३०० चा, तो वेगळा, घरात राहतो. रेझिस्टर दुकानदाराने भंगार बोर्डावरून काढून दिले.

कुठे अडलं

पहिल्या रात्री तिन्ही सेल लावले आणि सकाळपर्यंत तिन्ही लाल. तेव्हा रेझिस्टर फक्त एकाच मॉड्यूलचा बदलला होता, बाकीचे दोन सकाळी बदलायचे ठरवून झोपले होते. अॅडॉप्टरवर अडीच अँपियरचा बोजा आला, वायरही त्या वेळी मोबाइलच्या केबलमधलीच बारीक होती. मॉड्यूलच्या तोंडाशी मोजलं तर ४.३ व्होल्ट. वरून तेवढेच येत असतील तर आयसी ४.२ पर्यंत ढकलणार कसं? तिन्ही रेझिस्टर बदलले, वायर जाड केली, आणि चार तासांत निळे दिवे लागले. चार्जिंग संपत नसेल तर सेलला दोष देण्याआधी इन प्लस-इन मायनसवर मोजावं. ४.७ च्या खाली असेल तर दुखणं तिथे आहे.

दुसरी अडचण शेजाऱ्याकडून आली. त्याच्या सौरदिव्यातला जाड सेल, ३२६५० आकाराचा, "हाही लावा की" म्हणून आला. पुतण्या वायर जोडणारच होता, तेवढ्यात दुकानदाराने सेलवरचा आकडा वाचला: ३.२ व्होल्ट. हा लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. तो ३.६५ व्होल्टला भरतो. ४.२ च्या चार्जरवर तो खराब होतो. त्याला वेगळा आयसी लागतो, उदाहरणार्थ टीपी५००० एलएफपीच्या जोडणीत. फवारणी पंपाच्या आणि सौरदिव्यांच्या नव्या बॅटऱ्यांत हा प्रकार भरपूर येतो. तेव्हापासून फरशीवर ऑइलपेंटने लिहिलं: "फक्त ३.६ किंवा ३.७ लिहिलेला सेल".

तिसरी चूक खरी महागात गेली. चार्जर टॉर्चच्या बाहेर असल्याने मॉड्यूलमधलं संरक्षण फक्त चार्जिंगच्या वेळी मिळतं. टॉर्चमध्ये गेलेल्या सेलला कुणी राखणदार नाही, लॅपटॉपच्या सेलला स्वतःचं संरक्षण नसतं. महिनाभराने एक टॉर्च विहिरीवरच्या खोपीत चालू राहिला. दोन दिवसांनी सेल १.८ व्होल्टवर सापडला. तो पुन्हा चार्ज करायचा मोह आवरला आणि बाद केला. बाजूला ठेवलेलं ४.२६ चं मॉड्यूल तेव्हा कामी आलं. त्याचं चार्जिंगचं तोंड एम-सीलने बुजवलं, बी प्लस-बी मायनसला सेल, आऊट प्लस-आऊट मायनसला टॉर्चची वायर. आता सेल अडीच व्होल्टच्या आसपास आला की टॉर्च आपोआप विझतो. असा विझलेला टॉर्च, भरलेला सेल घालूनही, कधीकधी पेटत नाही. बी मायनस आणि आऊट मायनस वायरीच्या तुकड्याने क्षणभर जोडले की तो जागा होतो.

निकाल

दोन महिन्यांनी पाहिलं तेव्हा उरलेले दोन्ही सेल रोज वापरात होते. पूर्ण भरलेला सेल टॉर्चला साधारण अर्धा अँपियर देत ३ तास २० मिनिटं चालतो, म्हणजे १६०० एमएएचच्या थोडं वर. जुन्या "९९००" वाल्याने पाऊण तासात मान टाकली होती. रात्रीची एक पाळी निघायला माणशी दोन सेल लागतात, म्हणून आणखी एक पॅक आणून तशीच सात दिवसांची परीक्षा सुरू झाली.

फरशी आता ओसरीवर आहे, कापसापासून दोन भिंती लांब, वर छप्पर, खाली माती, शेजारी वाळूची बादली. बाद सेल टोकांना टेप लावून दुकानदाराकडे दिले. घरच्या कचऱ्यात किंवा चुलीत ते जाता कामा नयेत.

वेगळं काय करता आलं असतं

संरक्षण टॉर्चच्या आत पहिल्या दिवशीच बसवायला हवं होतं. फक्त संरक्षणाचं छोटं बोर्ड स्वस्तात मिळतं, टॉर्चच्या डबीत मावतं. एक चांगला सेल वाचला असता.

मॉड्यूलवरची टेम्प नावाची पिन बनवतानाच मायनसला जोडलेली असते, म्हणून सेल किती तापलाय हे या चार्जरला कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत त्याने फरक पडला नाही. एप्रिल-मेमध्ये परभणीकडे पारा चाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली तर त्याहून जास्त, आणि लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. ती पिन उचलून तिथे थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा रेझिस्टर, जोडता येतो, पण पिन इतकी नाजूक की हात बसलेल्या दुकानदारानेच करावं. या घराने सोपा मार्ग धरला: उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे चार ते आठ. सेल तळहातात धरून सहज सोसेना इतका गरम लागला, तर दिवा लाल असो की निळा, तो काढून फरशीवर गार होऊ द्यायचा.

आणि रात्रभर लावून झोपायचं की नाही, यावर घरात अजून वाद आहे. पुतण्याचं म्हणणं, चार्जर स्वतः तोडतो. आबा ऐकत नाहीत. झोपण्याआधी ते ओसरीवर जाऊन तिन्ही होल्डर रिकामे करतात आणि बटण बंद करतात. भंगार पॅकमधले सेल वापरात आहेत तोवर आबांचंच बरोबर आहे.